न दिसणाऱ्या नुकसानीचा पंचनामा

गारपिटीने बाग झोडपली, किंवा ओढ्याला पूर येऊन उभे पीक वाहून गेले, म्हणजे गावात तलाठी येतो, पंच जमतात आणि बांधावर उभे राहून पंचनामा होतो. किती गुंठे, कोणते पीक, किती आणे नुकसान, हे सारे कागदावर चढते. भरपाई पुरेशी मिळते की नाही, वेळेवर मिळते की नाही, ही तक्रार आपली नेहमीचीच आहे. पण निदान काय गेले ते डोळ्यांना दिसते, मोजता येते, आणि पंचांना त्याखाली सही करता येते.

आता अशी कल्पना करा की सरकारनेच एका घरातल्या नवराबायकोचा एकमेकांवरचा विश्वास ठरवून, योजना आखून, पगारी माणसे लावून पोखरला. घराची एक वीट हलली नाही, कोणाच्या अंगावर वळ उठला नाही. पण नवऱ्याची नोकरी गेली, बायकोची झोप गेली, आणि कोणता मित्र खरा व कोणता पेरलेला हे कळेनासे झाले. याचा पंचनामा कोणी करायचा? किती आणे विश्वास गेला हे कोणता तलाठी लिहिणार? आणि ज्या सरकारने हे केले ते सरकारच पुढे नाहीसे झाले, तर दाद मागायची तरी कोणाकडे?

वाचकहो, हा प्रश्न मी मनाने रचलेला नाही. पूर्व जर्मनी नावाचे राज्य १९९० साली इतिहासजमा झाले, आणि तेव्हापासून हा प्रश्न जर्मनीतली कोर्टे, कचेऱ्या आणि संसद यांच्यापुढे आहे. तिथल्या गुप्त पोलिसांनी छळलेली माणसे, त्यांत कितीतरी पतिपत्नी, आपल्या नुकसानीचे माप मागत आली. ती हकीगत समजून घेण्यासारखी आहे. राज्य आणि नागरिक यांच्यातला हिशेब कसा मांडावा याचा तो एक मोठा धडा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा हरलेल्या जर्मनीचे चार तुकडे विजेत्या राष्ट्रांनी आपापल्या ताब्यात घेतले. रशियाच्या ताब्यातल्या भागात ७ ऑक्टोबर १९४९ रोजी एक नवे राज्य उभे राहिले. त्याने स्वतःला लोकशाही प्रजासत्ताक म्हणवले, पण सत्ता एकाच पक्षाच्या मुठीत होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९५० मध्ये, या राज्याने राज्यसुरक्षा मंत्रालय स्थापन केले. जर्मन भाषेतल्या त्या लांबलचक नावाचे लोकांनी छोटे रूप केले, ‘श्टाझी’. १९५७ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, एरिख मील्के हा एकच गृहस्थ या खात्याचा मंत्री होता.

या खात्याचा पसारा केवढा होता? अखेरीस त्याच्या पटावर सुमारे ९१ हजार पगारी नोकर होते. त्याशिवाय शेजारी, सहकारी, विद्यार्थी, डॉक्टर, पाद्री अशा सर्व थरांतले पावणेदोन लाखांच्या आसपास लोक चोरून बातम्या पुरवत. देशाची लोकसंख्या होती अवघी १ कोटी ६० लाख. या खात्याने जमवलेली कागदपत्रे एकापुढे एक मांडली तर त्यांची रांग १११ किलोमीटर भरते. म्हणजे पुण्याहून निघालात तर साताऱ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत रस्त्याच्या कडेला नुसत्या फायलीच फायली! त्यातल्या कितीतरी फायलींत माणसांची घरगुती आयुष्ये लिहिलेली.

आरंभीच्या काळात श्टाझीची रीत सरळ होती. पकडायचे, कोठडीत टाकायचे, कबुली काढायची, शिक्षा द्यायची. या राज्याच्या चाळीस वर्षांत राजकीय कारणासाठी तुरुंगात गेलेल्यांची संख्या दोन ते अडीच लाख सांगितली जाते. पण १९७० नंतर वारे फिरले. १९७३ साली पूर्व जर्मनीला संयुक्त राष्ट्रसंघात जागा मिळाली. १९७५ साली हेलसिंकी येथे युरोपातल्या राष्ट्रांचा करार झाला आणि त्यात मानवी हक्क पाळण्याचे वचन तिनेही दिले. पाश्चात्त्य देशांकडून कर्ज हवे होते, व्यापार हवा होता, चार राष्ट्रांच्या पंगतीत मान हवा होता. मग उठसूट माणसे तुरुंगात टाकणे परवडेना. जगात बोभाटा होई.

यावर श्टाझीने तोड काढली. जानेवारी १९७६ मध्ये ‘निर्देश १/७६’ या नावाचा एक अंतर्गत हुकूम निघाला. विरोधकाला पकडण्याऐवजी त्याला आतून मोडायचे, असा त्याचा मथितार्थ. या पद्धतीला त्यांनी जो जर्मन शब्द वापरला तो रसायनशास्त्रातही येतो. पदार्थाचे घटक सुटे होऊन तो विरघळतो, कुजतो, त्याला तो शब्द लावतात. आपण त्याला ‘कुजवणे’ म्हणू. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावली तर आवाज होतो, गाव गोळा होते. पण मुळाशी काही ओतले तर झाड उभ्या उभ्या वाळते, आणि लोक म्हणतात, रोग पडला असेल. तसलाच हा प्रकार.

त्या हुकुमात रीती क्रमाने दिलेल्या आहेत. खऱ्या आणि खोट्या गोष्टींची अशी मिसळ करून माणसाची बदनामी करायची की खोटेही खरे वाटावे. नोकरीत आणि समाजात त्याच्या वाट्याला अपयश येईल अशी व्यवस्था करायची, म्हणजे त्याचा स्वतःवरचा भरवसा उडेल. त्याच्या मित्रमंडळींत संशय पेरायचा. निनावी पत्रे, अर्धवट अफवा, मुद्दाम घडवलेले गैरसमज, ही यातली हत्यारे. या विद्येचे रीतसर शिक्षण पॉट्सडाम येथे श्टाझीच्या स्वतःच्या उच्च विद्यालयात दिले जाई. गुरुजनहो, क्षणभर विचार करा. माणसाचे मन कसे मोडावे हा तिथे अभ्यासक्रमाचा विषय होता, त्यावर परीक्षा होत, पदव्या मिळत.

आता एका दांपत्याची हकीगत पाहू. गेर्ड पोपे आणि उलरिके पोपे ही नावे जर्मनीच्या अलीकडच्या इतिहासात सर्वांना ठाऊक आहेत. गेर्ड हे पदार्थविज्ञानाचे पदवीधर, जन्म १९४१ चा. १९७६ साली वोल्फ बिअरमान या कवी-गायकाचे नागरिकत्व सरकारने काढून घेतले. त्याविरुद्धच्या निषेधावर गेर्ड यांनी सही केली. त्यांना विज्ञान अकादमीत जागा मिळायची होती, ती मिळाली नाही. मग हा पदार्थविज्ञानाचा जाणकार कित्येक वर्षे एका पोहण्याच्या तलावाची यंत्रे सांभाळत राहिला. त्यांना कोणी मारले नाही की बेड्या घातल्या नाहीत. नोकरीचे एक दार फक्त हळूच लावून घेतले.

उलरिके यांचा जन्म १९५३ चा. लग्नानंतर त्या आणि काही पालक यांनी १९८० साली बर्लिनच्या प्रेंझलाउअर बेर्ग या वस्तीत एक लहानशी बालवाडी सुरू केली. सरकारी बालवाड्यांतून लहानग्यांनाही पक्षाची शिस्त आणि सैनिकी वळण लावले जाई. या पालकांना ते नको होते. मुलांनी मोकळेपणाने खेळावे, प्रश्न विचारावेत, एवढाच त्यांचा हेतू. पुढे १९८२ साली सरकारने कायदा केला की आणीबाणीच्या वेळी बायकांनाही लष्करात बोलावता येईल. त्याला विरोध म्हणून उलरिके, चित्रकार बेर्बेल बोहलाय आणि त्यांच्या मैत्रिणी यांनी ‘शांततेसाठी स्त्रिया’ हा गट उभारला. शंभराहून अधिक बायकांच्या सह्यांचे पत्र राष्ट्रप्रमुख होनेकर यांच्याकडे धाडले. डिसेंबर १९८३ मध्ये उलरिके आणि बेर्बेल यांना अटक झाली. त्यांना होएनशोएनहाउझेन येथील श्टाझीच्या तुरुंगात सहा आठवडे ठेवले. देशात आणि परदेशात ओरड झाली तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये सुटका झाली. उलरिके आत असतानाच त्या बालवाडीची जागा सरकारी माणसांनी रिकामी केली आणि विटांचे बांधकाम करून ती बंद केली. मुलांच्या खेळण्याच्या जागेवर सरकारी गवंडी! पण इतपत छळ निदान डोळ्यांना दिसणारा होता.

न दिसणारा भाग वेगळाच होता. पोपे दांपत्यावर श्टाझीने ‘वर्तुळ’ अशा अर्थाच्या नावाचे एक प्रकरण चालवले होते. त्यांच्या घरी लेखक येत, वाचने होत, चर्चा होत. त्या वर्तुळात बातमीदार पेरलेले होते. या प्रकरणाच्या कागदांत एक योजना सापडते, आणि ती वाचून अंगावर काटा येतो. या दोघांचा संसार मोडायचा, असे तीत सरळ लिहिले आहे. बायकोला अशी आशा दाखवायची की नवऱ्यापासून वेगळी झालीस तर नोकरी, शिक्षण, निर्धास्त जीवन मिळेल. तिच्याशी जवळीक साधू शकेल अशा परपुरुषाला पुढे करायचे. आणि मुलाचे काय? त्याच्या शाळेलाही या कामाला जुंपायचे. शाळेत मुलाला असे अनुभव द्यायचे की घरी बापाचे वागणे त्याला खटकू लागावे, आणि त्यावरून आईबापांत तेढ वाढावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, या शेवटच्या कलमापाशी मी तुम्हांला मुद्दाम थांबवतो. एखाद्या गुरुजीने आपल्या वर्गातल्या मुलाची पाठ थोपटावी यापरते चांगले ते काय? पण ती शाबासकी कोणा अधिकाऱ्याच्या टाचणावरून आलेली असेल, आणि तिचा हेतू मुलाला बापापासून तोडणे हा असेल, तर तीच शाबासकी विष होते. मुलाला ते कधी कळणारही नाही. मोठेपणी त्याला एवढेच आठवेल की शाळेत आपले कौतुक होत होते आणि घरी वाद होत होते.

श्टाझीची ही योजना त्या वेळी फसली. दोघे एकत्र राहिले, काम करत राहिले. १९८६ साली त्यांनी मित्रांसह ‘शांतता आणि मानवी हक्क’ यांसाठी एक उपक्रम सुरू केला. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली. त्यानंतर सरकार आणि विरोधक यांची जी ‘गोलमेज’ भरली तीत उलरिके बसल्या होत्या. गेर्ड फेब्रुवारी १९९० मध्ये काही काळ मंत्री झाले आणि पुढे आठ वर्षे एकत्रित जर्मनीच्या संसदेत होते.

पण सर्वांचे असे निभावले नाही. व्हेरा व्होलेनबेर्गर या अशाच एक शांततावादी कार्यकर्त्या. जानेवारी १९८८ मध्ये त्यांना अटक झाली, मग देशाबाहेर धाडले. भिंत उघडली त्याच दिवशी सकाळी त्या परतल्या, पुढे संसदेत निवडून गेल्या. आणि मग कागद उघडले तेव्हा त्यांना कळले की ‘डोनाल्ड’ या टोपणनावाने आपल्याविषयीच्या बातम्या वर्षानुवर्षे पुरवणारा माणूस म्हणजे आपला स्वतःचा नवराच. त्यांनी घटस्फोट घेतला आणि माहेरचे नाव पुन्हा लावले. सांगा, या नुकसानीला आणेवारी कोणती लावायची?

आता पंचनाम्याकडे वळू. भिंत पडल्यावर श्टाझीच्या कचेऱ्यांतून धूर निघताना लोकांनी पाहिला. कागद जाळले जात होते, यंत्रात घालून फाडले जात होते, यंत्रे थकली तेव्हा हातांनी फाडले जात होते. ४ डिसेंबर १९८९ रोजी एअरफुर्ट शहरात काही स्त्रियांच्या पुढाकाराने नागरिकांनी तिथली कचेरी ताब्यात घेतली. त्याच दिवशी आणि पुढच्या दिवसांत अन्य शहरांतही तेच घडले. १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनचे मुख्य कार्यालय लोकांनी काबीज केले. त्यांना तिथे फाडलेल्या कागदांची हजारो पोती मिळाली. ते तुकडे जुळवण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले.

लोकांनी हे कागद का वाचवले, ते नीट लक्षात घ्या. छळाचे साक्षीदार दुसरे कोणी नव्हतेच. निनावी पत्र कोणी लिहिले, नोकरीचे दार कोणी लावले, हे छळणाऱ्यानेच आपल्या वहीत लिहून ठेवले होते. चोराच्याच खतावणीतून चोरी सिद्ध करायची, अशी ही वेळ. ते कागद जळाले असते तर उद्या कोणीही म्हणाला असता, तुमच्या मनाचे खेळ आहेत, पुरावा काय? २९ डिसेंबर १९९१ पासून खास कायदा लागू झाला आणि २ जानेवारी १९९२ पासून नागरिकांना स्वतःविषयीचे कागद पाहण्याची मुभा मिळाली. गुप्त पोलिसांचे दप्तर असे त्यांच्या बळींसाठी खुले करणे ही जगाच्या इतिहासात नवी गोष्ट होती. पोपे दांपत्य अगदी आरंभीच्या वाचकांपैकी होते. तेव्हापासून तीस लाखांहून अधिक अर्ज सामान्य लोकांनी केले आहेत. २०२१ साली हे सारे दप्तर राष्ट्रीय अभिलेखागारात सामील झाले.

पुरावा तर मिळाला. आता भरपाई. छळणारे राज्य ३ ऑक्टोबर १९९० रोजी नाहीसे झाले होते. वारसा एकत्रित जर्मनीकडे आला, आणि देणे त्याच्या तिजोरीतून द्यायचे ठरले. म्हणजे करदात्यांच्या पैशातून, ज्यांत छळले गेलेले स्वतःही आले. संसदेने १९९२ साली पहिला कायदा केला. राजकीय कारणासाठी झालेली शिक्षा रद्द ठरवून कैद्याची प्रतिष्ठा परत द्यायची, आणि तुरुंगातल्या प्रत्येक महिन्यामागे ३०० मार्क भरपाई. जो भिंत पडेपर्यंत त्याच राज्यात राहिला त्याला वर आणखी २५० मार्क. पुढे हा भेद काढून सर्वांना सरसकट ६०० मार्क केले. १९९४ साली दुसरा कायदा आला. ज्यांची नोकरी, धंदा किंवा मालमत्ता जुलमाने गेली त्यांच्यासाठी तो होता.

हे माप आपण पोपे यांच्यासारख्या एखाद्या जोडप्याला लावून पाहू, म्हणजे त्यातली मेख कळेल. बायको सहा आठवडे तुरुंगात होती. महिना सुरू झाला की पूर्ण धरायचा, या नियमाने डिसेंबर आणि जानेवारी असे दोन महिने. १९९२ च्या दराने होतात ११०० मार्क. ठीक. नवरा तुरुंगात गेलाच नाही, म्हणून त्या खात्यात शून्य. त्याची जी जागा हुकली, तिचे काय? कायदा म्हणतो, हातात असलेला व्यवसाय हिरावून घेतला असेल तर विचार करू. पण पुढे मिळणारी बढती, होऊ शकणारी प्रगती अडवली गेली असेल तर ती भरून देता येणार नाही. आणि दोघांच्या मधला विश्वास? मित्रांवरचा भरवसा? मुलाच्या मनात पेरलेली तेढ? या नुकसानीचा रकाना त्या फॉर्मात नव्हताच.

यावरून कायदे करणारे निष्ठुर होते असे समजू नये. कायद्याला माप लागते, आणि तुरुंगाचा महिना मोजता येतो. पण श्टाझीने पकडणे सोडून कुजवणे स्वीकारले ते याचसाठी, की त्याचे माप राहू नये. म्हणजे बघा, ज्या युक्तीने छळ लपवला त्याच युक्तीने पुढे भरपाईही अडवली. १९७६ च्या हुकुमाची सावली अशी १९९२ च्या कायद्यावर पडली.

दुसरी अडचण पुराव्याची. छळामुळे कोणाला झोपेचा विकार जडला, कोणी खचून गेले, तर अर्जदाराने सिद्ध करायचे की हा आजार त्याच छळातून आला. तीस वर्षांपूर्वीच्या निनावी पत्राचा आणि आजच्या धडधडत्या छातीचा संबंध कोणता डॉक्टर लिहून देईल? दाखले मागवले जात, पुन्हा तपासणी होई, पुन्हा तीच हकीगत परक्या अधिकाऱ्यापुढे सांगावी लागे. ज्यांना चौकशीच्या खोलीत बसवून उलटसुलट विचारले गेले होते, त्यांना ही नवी चौकशीही जुन्या चौकशीसारखी वाटली, तर नवल नाही.

तिसरी गोष्ट लोकांच्या मनाला फार लागली. श्टाझीच्या नोकरांचे निवृत्तिवेतन सरकारने सक्तीने कमी केले होते. १९९९ साली जर्मनीच्या संविधान न्यायालयाने निर्णय दिला, की त्यांचे वेतन देशातल्या सरासरी कमाईइतके धरून निवृत्तिवेतन मर्यादित ठेवणे योग्य आहे, मात्र त्याच्याही खाली नेणे घटनेला धरून नाही. कायद्याचे राज्य म्हटले म्हणजे ते छळ करणाऱ्यालाही कायद्यानेच वागवणार. हे तत्त्व आपण मान्य केलेच पाहिजे. पण ज्यांना त्यांनी तुरुंगात बसवले त्यांना मासिक मानधन मिळायला २००७ साल उजाडावे लागले. भिंत पडल्याला तेव्हा १८ वर्षे झाली होती. ते मानधनही २५० युरो, किमान सहा महिने तुरुंगात काढलेल्यांना, आणि ज्यांची मिळकत अपुरी असेल त्यांनाच. खुद्द मील्के याला १९९३ साली शिक्षा झाली, पण कशासाठी? १९३१ साली दोन पोलिसांचा खून केला म्हणून! मंत्री म्हणून केलेल्या कारभाराबद्दल त्याला शिक्षा झाली नाही. १९९५ साली तो सुटला आणि २००० साली वारला.

इथे उलरिके पोपे पुन्हा आपल्या हकिगतीत येतात. पूर्वेकडील ब्रांडेनबुर्ग प्रांताने जुलमाच्या परिणामांचे निवारण करणारे आयुक्तपद निर्माण केले ते सर्वांत उशिरा, भिंत पडून वीस वर्षे झाल्यावर. २०१० पासून २०१७ पर्यंत ते पद उलरिके यांनी सांभाळले. जिच्या संसाराची योजना आखून नासाडी करायचे ठरले होते तीच बाई आता टेबलाच्या अलीकडे बसून, अर्ज घेऊन येणाऱ्यांना कायद्यातली वाट दाखवत होती. २०२१ साली जर्मनीच्या संसदेने सबंध देशासाठीही असे पद निर्मिले, आणि त्यावर एव्हेलिन झुप्के यांना निवडले. मे १९८९ च्या निवडणुकीतला खोटा हिशेब उघडा पाडणाऱ्या तरुणांत त्या होत्या.

अशा माणसांच्या चिकाटीने कायदा हळूहळू वाकला. २०१९ साली अर्जाची शेवटची तारीख हा प्रकारच काढून टाकला गेला. मानधनासाठी लागणारा तुरुंगवासही कमी करून ९० दिवसांवर आणला. आणि त्याच वर्षी, पहिल्यांदाच, ‘कुजवण्या’च्या बळींसाठी म्हणून वेगळी भरपाई कायद्यात लिहिली गेली, एकदाच १५०० युरो. रक्कम लहान. पण ४३ वर्षांपूर्वी एका गुप्त हुकुमात जन्मलेला तो शब्द आता गुन्हेगाराच्या वहीतून निघून बळीच्या हक्काच्या कायद्यात आला होता. पंचनाम्याच्या फॉर्मात शेवटी तो रकाना पडला.

१ जुलै २०२५ पासून आणखी सुधारणा झाली. तुरुंगवास भोगलेल्यांचे मासिक मानधन ४०० युरो झाले आणि ते पुढे दरवर्षी वाढत जाईल अशी तरतूद झाली. पूर्व जर्मनीतून निघून गेल्यावरही ज्यांना श्टाझीने परमुलखात छळले त्यांनाही ते १५०० युरो मिळण्याची सोय झाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजाराच्या पुराव्याचे ओझे हलके केले. छळ झाला आणि त्याला साजेसा आजार आहे, एवढे दिसले की दोहोंचा संबंध आहे असे गृहीत धरायचे. आणखी एक तरतूद शेतकरी वाचकांना जवळची वाटेल. १९५२ आणि १९६१ साली सीमेलगतच्या खेड्यांतून हजारो कुटुंबीयांना सरकारने एका रात्रीत उचलून, घर, गोठा, शेत मागे टाकायला लावून दूर नेऊन टाकले होते. १९५२ च्या मोहिमेला अधिकाऱ्यांनी नाव दिले होते, ‘किडे-मुंग्या’ अशा अर्थाचे. त्या विस्थापितांसाठी ७५०० युरोंची एकरकमी भरपाई आता ठरली. पहिल्या मोहिमेतल्यांना तोवर ७३ वर्षे झाली होती. त्या रात्री कडेवर असलेली मुले आता म्हातारी झाली होती.

तर मग या सगळ्यातून काय घ्यायचे? काही जण म्हणतील, १५०० युरोंनी संसार सांधतो काय? नाही सांधत. तसे तर गारपिटीच्या भरपाईने झडलेला मोहोरही परत येत नाही. पण पंचनाम्याचे काम दुहेरी असते. एक पैसे मिळवून देणे, आणि दुसरे, नुकसान झाले ही गोष्ट चारचौघांत लिहून ठेवणे. ‘कुजवण्या’च्या बळींना वर्षानुवर्षे हेच ऐकावे लागले होते की तुम्हांला भास होतात, तुमचा स्वभावच संशयी. सरकारी कागदावर एकदा सही होऊन आले की असे असे घडले, ते अन्याय्य होते, आणि दोष तुमचा नव्हता, तर त्या माणसाला स्वतःवर पुन्हा विश्वास ठेवता येतो. पुष्कळ अर्जदारांना पैशापेक्षाही तो कागद हवा होता, हे आपल्याला समजण्यासारखे आहे.

दुसरे असे की भरपाईला उशीर लागला तर ती निम्मी वाया जाते. १९९२ ते २०२५ या काळात कितीतरी अर्जदार वारले. जे नुकसान दिसत नाही त्याला कायद्यात नाव मिळायला इतका वेळ लागला. म्हणून दप्तर जपणे हे पहिले काम. एअरफुर्टच्या त्या बायकांनी डिसेंबरच्या थंडीत कचेरीच्या दारात उभे राहून कागद वाचवले नसते, तर पुढचा एकही कायदा उपयोगी पडला नसता. ग्रामपंचायतीचे असो वा शाळेचे, दप्तर नीट ठेवावे असे आपण म्हणतो त्याचा अर्थ यातून उमगावा.

आणि शेवटची विनंती शिक्षकांना. वर्गात जगाचा इतिहास शिकवताना कधी बर्लिनच्या भिंतीचा विषय निघतो. मुले तारखा पाठ करतात, भिंत कधी बांधली, कधी पडली. त्या तासाला पाच मिनिटे काढून त्यांना त्या बालवाडीची आणि शाळेला जुंपण्याच्या त्या कलमाची हकीगत सांगा. मग विचारा, तुमच्या घरी काय बोलतात ते मला येऊन सांग, असे उद्या कोणी मोठ्या माणसाने गोड बोलून विचारले तर तुम्ही काय कराल? मुलांना बोलू द्या. उत्तर घाईने देऊ नका. त्या तासाला जी चर्चा होईल ती कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येणार नाही, पण त्या मुलांच्या ती जन्मभर लक्षात राहील.